पालकसभेत विद्यार्थ्याचे स्थान

(सुवर्णमहोत्सवी वर्षात नातेपुते येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



भगवान महावीरांना केवलज्ञान झाले, समवसरणाची रचना झाली, श्रोते जमले. तरीही सहासष्ट दिवस दिव्यध्वनी प्रकट झाला नाही, असे दिगंबर परंपरा सांगते. उणीव होती ती वाणी ग्रहण करू शकणाऱ्या शिष्याची. इंद्रभूती गौतम मनात शंका घेऊन आले, राजगृहीच्या विपुलाचलावर त्यांनी शिष्यत्व पत्करले, आणि मग दिव्यध्वनी खिरू लागला. तो दिवस वीरशासन जयंती म्हणून आजही पाळला जातो. महाराष्ट्रातील पंचांगाप्रमाणे तो गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी येतो. या प्रसंगाचा तात्त्विक अर्थ विद्वानांनी पुष्कळ उलगडून सांगितला आहे. आजच्या विषयापुरते त्यातील एवढेच घ्यावयाचे की ज्ञान देणारे उपस्थित होते, सभाही भरली होती. परंतु शिकणारा आला नव्हता, म्हणून उपदेशाला आरंभ झाला नाही.

आता शाळेतील पालकसभा डोळ्यांसमोर आणावी. पहिल्या सत्राचा निकाल लागलेला असतो. वर्गशिक्षकांसमोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, प्रगतिपत्रकांची चळत आणि साठ मुलांच्या पालकांची रांग. वडील दुकानावर कोणाला तरी बसवून घाईने आलेले, आई कोपऱ्यातील बाकावर संकोचून बसलेली. "हुशार आहे, पण लक्ष देत नाही." "गणितात कच्चा आहे, घरी करून घ्या." "अक्षर सुधारायला हवे." तीन-चार मिनिटांत सही होते आणि पुढचे पालक उभे राहतात. ज्याच्याविषयी हे सर्व चालले आहे तो मुलगा त्या वेळी व्हरांड्यात किंवा मैदानाच्या कडेला झाडाखाली उभा असतो. आत काय बोलणे झाले हे त्याला रात्री जेवताना कळते, आणि तेही एकाच वाक्यात : "सर काय म्हणाले तुझ्याबद्दल, माहीत आहे ना?" त्या वेळी त्याला स्वतःचे समर्थनच करावयाचे असते असे नाही. कित्येकदा त्याला एवढेच सांगावयाचे असते की अपूर्णांकांपर्यंत सर्व समजले होते, पुढे ताप येऊन आठ दिवस शाळा बुडाली आणि तेव्हापासून फळ्यावरचे कळेनासे झाले. ही माहिती शिक्षकांजवळ नाही, वडिलांजवळ नाही, प्रगतिपत्रकातही नाही. ज्याच्याजवळ ती आहे त्याला सभेचे आमंत्रणच नाही.

हत्ती आणि आंधळे हा अनेकान्ताचा दृष्टान्त पाठशाळेतील लहान मुलालाही ठाऊक असतो. शिक्षक वर्गातले मूल पाहतात, आई घरातले, वडील गुणांच्या आकड्यातले. तिघांचेही म्हणणे कथंचित सत्य. परंतु दृष्टान्तातील हत्ती मुका होता, मूल बोलते. एवढा मोठा फरक असताना त्याला न विचारता त्याचे वर्णन करीत राहणे अनेकान्त मानणाऱ्या समाजाला तरी शोभणारे नाही.

पालकांना शाळेत स्थान मिळावे यासाठी कायद्याने बरेच केले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असावेत आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरविले. महाराष्ट्रातील २०११ च्या शुल्क विनियमन अधिनियमाने पालक-शिक्षक संघाला वैधानिक रूप दिले, ते मुख्यतः फी ठरविताना पालकांचे म्हणणे ऐकले जावे म्हणून. इमारत, आहार, फी या गोष्टी गौण नव्हेत. पण एका मुलाच्या शिकण्याविषयी त्या मुलासह शांतपणे बसून बोलावे, हा विषय समित्यांच्या कार्यसूचीत सहसा येत नाही.

मूल्यमापनाच्या बाबतीतही कागदावर वाट खुली झाली आहे. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. लेखी चाचणीच्या जोडीला तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, दैनंदिन निरीक्षण यांना स्थान मिळाले आणि शिक्षकांनी प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद करावी अशी अपेक्षा ठेवण्यात आली. हेतू उत्तम होता. पुढे त्या नोंदींच्या तयार याद्याच हातोहात फिरू लागल्या आणि चाळीस मुलांना एकच विशेषण मिळू लागले, हे शिक्षकवर्गही मान्य करील. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणखी एक पाऊल टाकले. समग्र प्रगतिपत्रकात शिक्षकांच्या मूल्यमापनाबरोबर विद्यार्थ्याने स्वतःचे आणि सहाध्यायांचे केलेले मूल्यमापनही असावे, आणि हे पत्रक घर व शाळा यांना जोडणारा दुवा व्हावे, त्याच्या जोडीला पालक-शिक्षक भेटी व्हाव्यात, असे ते धोरण सांगते. मूल स्वतःविषयी लिहील. ते लिहिलेले त्याच्या अनुपस्थितीत वाचले जाणार असेल, तर मात्र जुनीच पालकसभा नव्या कागदावर होईल.

परदेशात हा विचार प्रत्यक्ष आचरणात येऊन बराच काळ लोटला. कॅनडात नॅन्सी लिटल आणि जॉन ॲलन यांनी १९८८ मध्ये विद्यार्थ्यांनी चालविलेल्या पालकभेटींवर पुस्तक लिहिले. अलास्कातील फेअरबँक्स येथील शिक्षिका टेरी ऑस्टिन यांचे याच विषयावरील पुस्तक १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. या पद्धतीत भेटीचे सूत्रसंचालन मुलाकडे असते. ते आपल्या कामाची संचिका उघडते, आईवडिलांना समजावून सांगते. शिक्षक बाजूला बसून ऐकतात, अडल्यास मदत करतात. अमेरिकेतील रॉन बर्गर नावाचे शिक्षणतज्ज्ञ एक चित्र दाखवीत असतात. बॉइसी शहरातील पहिलीच्या मुलाने फुलपाखराचे चित्र काढले. पहिले चित्र पहिलीतल्या मुलाचे असते तसेच होते. सोबत्यांनी दयाळूपणे पण नेमके सांगितले, पंखांचा आकार पाहा, रेषा पाहा; आणि सहाव्या प्रयत्नाला खऱ्या फुलपाखराशी ताडून पाहावे असे चित्र उतरले. वडिलांच्या हाती केवळ सहावे चित्र पडले तर ते शाबासकी देतील, केवळ पहिले पडले तर रागावतील. सहाही एकत्र पाहिली तरच मूल शिकते कसे हे दिसते.

यासाठी फुलपाखरापर्यंत किंवा अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. आषाढी वारीत माउलींची पालखी नातेपुत्यास मुक्कामी असते. सहावीतील एखाद्या मुलीने आपल्या गल्लीत उतरलेल्या दिंडीसाठी पाणी किती लागले, भाकरी किती झाल्या, पीठ किती गेले याचा हिशेब मांडला, असे समजावे. पहिल्या खेपेस तिने घागरी आणि लिटर एकत्र मिळवले आणि उत्तर भलतेच आले. दुसऱ्या खेपेस एक घागर मोजून पाहिली. तिसऱ्या खेपेस माणशी प्रमाण काढले. ही तीन पाने संचिकेत लावून ती आईपुढे बसली, तर परिमाणे आणि गुणोत्तर यांविषयी तिला काय कळले हे सांगण्यास चाचणीतील वीसपैकी अकरा या आकड्याची गरज उरत नाही. शिवाय आईला त्या हिशेबातील चूक तिच्या आधी सापडण्याचाही संभव आहे, कारण भाकरी आईने थापल्या होत्या.

विद्यार्थ्याने स्वतःच्या शिक्षणाचा भार स्वतः उचलावा, हा विचार या समाजाला परका नाही. कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि स्वावलंबी शिक्षण हे तिचे ब्रीद ठेवले. सोलापूर जिल्ह्यातीलच करमाळ्याचे सुपुत्र असलेल्या समंतभद्र महाराजांनी १९१८ मध्ये कारंजा येथे आणि १९३४ मध्ये बाहुबली येथे गुरुकुले उभी केली. जवळच्या फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेली प्रगत शिक्षण संस्था आणि तिचे कमला निंबकर बालभवन, कोल्हापूरला लीलाताई पाटील यांचे १९८५ मधील सृजन आनंद विद्यालय, या शाळांनी मुलाच्या स्वतःच्या शब्दाला मान दिला. प्रत्येकाचा मार्ग निराळा; पण मूल हे शिकवणीचे गाठोडे उचलणारा हमाल नव्हे, याविषयी त्यांच्यात मतभेद नव्हता.

शालेय पुस्तकांत पाठाखालील प्रश्नांना 'स्वाध्याय' म्हणतात. हा शब्द जैन माणसाच्या कानाला किती ओळखीचा आहे! तत्त्वार्थसूत्राने स्वाध्यायाचे पाच भेद सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. शाळेच्या स्वाध्यायात वाचना आहे, घोकणे म्हणजे आम्नाय तर भरपूर आहे. शंका विचारणे ही पृच्छना आणि कळलेल्याचे मनात पुनःपुन्हा चिंतन करणे ही अनुप्रेक्षा, या दोन्ही मात्र वहीच्या बाहेर राहतात. विद्यार्थ्यासह होणारी पालकभेट ही या दोहोंची जागा आहे.

अशी भेट घडावी कशी? भेटीपूर्वी आठवडाभर मुलाने आपल्या वह्यांतून तीन पाने निवडावीत : एक ज्याचा त्याला अभिमान वाटतो ते, दुसरे ज्यात चूक झाली आणि ती नंतर उमगली ते, तिसरे जे अद्याप समजलेले नाही ते. तिसरे पान निवडणे सर्वांत अवघड, आणि भेटीचे खरे मोलही त्यातच. काय सांगावयाचे याचा सराव वर्गमित्राबरोबर एकदा करावा. भेट वीस मिनिटांची. पहिली दहा मिनिटे मुलाची, त्या वेळी आईवडिलांनी केवळ ऐकावे, फार तर "हे कसे केलेस?" एवढे विचारावे. नंतर पालक बोलतील, शेवटी शिक्षक. उठण्यापूर्वी पुढील दोन महिन्यांत करावयाची एकच गोष्ट मुलाने स्वतःच्या हाताने लिहावी आणि ती पार पडावी म्हणून घरात कोणी काय करावयाचे हेही लिहावे. 'खूप अभ्यास करीन' हे चालणार नाही. 'रोज रात्री आठला दुकानाच्या मागच्या खोलीत पाच गणिते, आणि त्या वेळात बाबा मला गिऱ्हाइकाकडे पाठवणार नाहीत' हे चालेल.

मूल स्वतःचे उणे सांगेल का, ते लपवील, ही पहिली शंका येते. या शंकेवर जैन आचार्यांनी फार खोल विचार केलेला आहे. आपल्या हातून घडलेला दोष गुरूंसमोर स्वतः निवेदन करणे म्हणजे आलोचना; आणि ती करताना मन कसकशा पळवाटा शोधते त्याचे दहा दोष शिवार्यांच्या भगवती आराधनेत वर्णिले आहेत. मुलाला एखादी गोष्ट न येणे हा अपराध नव्हे, तेव्हा ही तुलना फार ताणू नये. तरी त्या दहांपैकी काही वाचताना वर्गच समोर उभा राहतो. 'दृष्ट' म्हणजे इतरांनी पाहिला तेवढाच दोष कबूल करणे : प्रगतिपत्रकावर लाल शाईने लिहिले आहे तेवढेच मूल सांगते. 'बादर' म्हणजे मोठे सांगून बारीक लपवणे, 'सूक्ष्म' म्हणजे बारीकसारीक सांगून मोठे लपवणे : "अक्षर खराब आहे" असे आनंदाने सांगणारा मुलगा भागाकार येत नाही हे सांगत नाही. 'छन्न' म्हणजे स्वतःचे नाव न घेता, असा दोष कोणाच्या हातून झाला तर काय करावे, असे विचारणे : "सर, एखाद्याला हे कळले नसेल तर?" हा प्रश्न कोणत्या शिक्षकाने ऐकलेला नाही? 'तत्सेवी' म्हणजे तोच दोष करणाऱ्यापाशी जाऊन सांगणे : शेजारच्या बाकावरील मित्राजवळ सर्व कबुली होते, कारण त्यालाही येत नसते. आणि 'शब्दाकुलित' म्हणजे गोंगाटात सांगणे, की गुरूंना नीट ऐकूच जाऊ नये. साठ पालकांच्या कोलाहलात भरणाऱ्या पालकसभेचे याहून अचूक वर्णन सापडणार नाही.

मात्र त्याच ग्रंथात आलोचना ऐकणाऱ्या आचार्यांचेही गुण सांगितले आहेत, आणि त्यांतील एक 'अपरिस्रावी' असा आहे. तापलेल्या लोखंडाने शोषलेले पाणी बाहेर झिरपत नाही, तसे ऐकलेले ज्यांच्याकडून बाहेर जात नाही ते. पालक आणि शिक्षक यांनी या एका शब्दावर थांबून विचार करावा. मुलाने विश्वासाने सांगितलेले तिसरे पान दुसऱ्या दिवशी वर्गात विनोदाचा विषय झाले, किंवा लग्नसमारंभात आत्या-मावशीसमोर निघाले, तर ते मूल पुन्हा कधीही तिसरे पान दाखविणार नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की काही घरांत अशा भेटीनंतर मुलावर हात उगारला जातो. शिक्षकांना याची कुणकुण असेल तर त्या मुलाची भेट घाईने घेऊ नये. आधी पालकांशी निराळे बोलावे. घरातील आजारपण, कर्ज, कलह यांविषयीचे बोलणेही मुलासमोर होऊ नये. मोठ्यांच्या स्वतंत्र भेटीची गरज संपत नाही. ती एकमेव भेट असू नये एवढेच.

दुसरी शंका वेळेची, आणि ती रास्त आहे. साठ मुले गुणिले वीस मिनिटे म्हणजे वीस तास. शिक्षकांनी ते आणावेत कोठून? जेथे ही पद्धत रुळली तेथे एकाच खोलीच्या चार कोपऱ्यांत चार कुटुंबे एकाच वेळी बसतात आणि शिक्षक फिरते राहतात. मग तेच काम पाच तासांत, दोन दिवसांत होते. येथे 'शब्दाकुलित' दोषाची आठवण ठेवून खोली मोठी घ्यावी.

या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ ज्यांना सभेत बोलता येत नाही त्या पालकांना होतो. ऊसतोडीला किंवा शेतमजुरीला जाणारी आई प्रगतिपत्रक वाचू शकत नसेल, तर जुन्या सभेत तिच्या वाट्याला मान खाली घालून सही किंवा अंगठा एवढेच येते. मूल स्वतः वही उघडून सांगू लागले की ती ऐकणारी होते, विचारणारी होते. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत तर याची फारच आवश्यकता आहे. समाजातील पुष्कळ घरांत मुले इंग्रजीतून शिकतात आणि आया मराठीतून शिकलेल्या आहेत. सभेत इंग्रजी शब्दांचा वर्षाव होतो, आई हसून मान डोलावते आणि घरी येऊन शिकवणी लावते. प्रकाशसंश्लेषणाची इंग्रजी व्याख्या घडाघडा म्हणणाऱ्या मुलाने अंगणातील तुळशीसमोर उभे राहून तीच गोष्ट आईला मराठीत समजावून द्यावी. तेथे अडला तर व्याख्या पाठ आहे, धडा समजलेला नाही, हे आईला इंग्रजीचा एक शब्द न येताही कळेल.

आणि हा प्रश्न सहावी-सातवीपुरता नाही. दहावीनंतर विज्ञान की वाणिज्य, पुण्याला पाठवावयाचे की अकलूजला, मुलीला पुढे शिकवावयाचे की नाही, मुलाने गल्ल्यावर कधी बसावयाचे, हे निर्णय घराघरांत घेतले जातात. ते घेताना ज्याचे आयुष्य आहे त्याला विचारले, असे बहुतेक वडील प्रामाणिकपणे सांगतात. परंतु दहा वर्षांत ज्याला आपल्या शिकण्याविषयी एकदाही कोणी गंभीरपणे विचारले नाही, तो सोळाव्या वर्षी अचानक काय सांगणार? "तुम्ही म्हणाल ते", असेच तो म्हणतो. ते आज्ञाधारकपणाचे लक्षण मानले जाते आणि अकरावी विज्ञानाला प्रवेश होतो. दोन वर्षांनी तो मुलगा खचून परत आला, तर दोष त्याच्या बुद्धीला दिला जातो. मुलीच्या बाबतीत तर 'तुम्ही म्हणाल ते' हे उत्तर येण्याचीही वाट पाहिली जात नाही.

न्यासांच्या वतीने होणारा गुणवंतांचा सत्कार हा समाजाच्या कौतुकाचा विषय आहे आणि तो व्हावाच. पण त्यात मुलाचे नाव पुकारले जाते, टक्के सांगितले जातात, श्रीफळ व पाकीट दिले जाते, मूल नमस्कार करून खाली उतरते; ते एक अक्षरही बोलत नाही. त्याला दोन मिनिटे देऊन एवढेच विचारावे की या वर्षी कोणती गोष्ट आधी कळत नव्हती आणि मग कळली. शिष्यवृत्तीच्या अर्जावरही गुणपत्रिकेच्या प्रतीसोबत मुलाच्या हस्ताक्षरातील असे एक पान मागता येईल.

शाळांना सुचविण्यापूर्वी ही गोष्ट मंदिराच्या पाठशाळेत करून पाहणे अधिक सोपे आहे. तेथे मुले थोडी, शासकीय तक्त्यांचे ओझे नाही. भक्तामर किती श्लोक पाठ झाले, हे तेथे दरवर्षी विचारले जाते. कोणता श्लोक समजला आणि कोणता नुसताच पाठ आहे, हे मुलाने आईवडिलांसमोर सांगावे. दशलक्षण पर्व संपून क्षमावणी झाल्यानंतरचा आठवडा त्यासाठी बरा. सभागृहाचे चार कोपरे, प्रत्येक मुलाला एक साधी फाइल, आणि दुकानदार पालकांना सोयीची वेळ, म्हणजे आठवडे बाजाराचा दिवस टाळून रात्री दुकाने बंद झाल्यावर, एवढी तयारी पुरे. निमंत्रणपत्रे मुलांनीच लिहावीत. आणि त्यांवर नुसते 'पालक' न लिहिता आईचेही नाव लिहावे.